अपेक्षित गुण

पोरीला गणितात ब्याण्णव पडले आणि निकाल अडकला. आईचं शिक्षण चौथी, घर एका खोलीचं, एवढं बघून बोर्डाच्या कॉम्प्युटरने तिला पन्नासच पडतील असं ठरवलं होतं. म्हणजे कॉपीच!

एकटीला बसवून, तीन पर्यवेक्षकांसमोर तिची पुन्हा परीक्षा घेतली. सत्त्याण्णव पडले.

"बघा साहेब!" आई बोर्डाच्या अधिकाऱ्याला म्हणाली.

"काय बघा? फरक वाढला ना, बाई! आता तर संशय दुप्पट." मग साहेबांनी हळूच घरच्या माहितीचा कोरा फॉर्म पुढे सरकवला. "असं करा, तुमचं शिक्षण पदवीधर लिहा. निकाल आजच सुटेल."

आईने पेन उचललं.

"आणि सही स्वतःच करा, पोरीला करायला लावू नका हं," साहेब म्हणाले, "लबाडी आम्ही खपवून घेत नाही."