कच्चा टाका

पितळेचं बाळ काही सापडत नव्हतं.

बाकी घर नाताळसाठी सजून झालं होतं. खिडकीतली चांदणी टेलर मास्तरांनी दरवर्षीसारखीच कटिंगच्या खाकी कागदातून बेतली होती आणि लेकीने तिच्या टोकांना दुकानातली उरलीसुरली लेस चिकटवली होती. दारावर जुन्या बटणांची माळ होती. त्यातलं मोठं लाल बटण लेकीच्या पहिल्या फ्रॉकचं, हे घरात सगळ्यांना पाठ. टेबलावर लाकडी गोठा मांडला होता. गाय होती, मेंढरं होती, एक कान तुटलेलं गाढव होतं. मधली येशूबाळाची गव्हाण तेवढी रिकामी होती.

बाळ लपवायचं काम मास्तरांच्या बायकोचं. जानेवारीत सजावट उतरवली की ती ते कुठेतरी दडवायची आणि वर्षभर तोंडातून ब्र काढायची नाही. नाताळच्या आदल्या दिवशी घरभर शोधाशोध व्हायची. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसायची आणि म्हणायची, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." ज्याला सापडेल त्याने बाळ गव्हाणीत ठेवायचं. यंदाही तिने जानेवारीत ते दडवलं, आणि मार्चमध्ये ती गेली. कुठे ठेवलंस, हे विचारायचं तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

मावशी, म्हणजे तिची धाकटी बहीण, सकाळपासून घर पालथं घालत होती. कपाट झालं, गाद्या झाल्या, मशीनचे खण झाले. असू दे हाताशी म्हणून तिने बाजारातून एक प्लास्टिकचं बाळ आणलं होतं. ते इतकं गुटगुटीत निघालं की गव्हाणीत मावेना. गाढवाने बाळाला न्यायचं सोडून बाळानेच गाढवाला कडेवर घ्यावं, अशी गत. लेकीला हसू आलं आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

"ते काढ," मास्तर म्हणाले. "तिचं सापडलं तर ठेवू. नाहीतर गव्हाण अशीच राहू दे. आणि पुढच्या वर्षीपासून मांडायलाच नको काही."

ते चिडले नव्हते. कापड कमी पडतंय, हे गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मार्चपासून त्यांना काही वाटतच नव्हतं. माणसं येऊन रडून गेली, मास्तरांनी त्यांना पाणी दिलं. परवा सुई बोटात रुतली तीसुद्धा कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा कळली.

संध्याकाळी चर्चला जायचं म्हणून लेकीने त्यांचा काळा कोट बाहेर काढला आणि त्यांच्या अंगावर चढवून पाहिला. कोट डावीकडे उतरत होता. मास्तर म्हणाले, दफनाच्या दिवशीही असाच ओढत होता, माझा डावा खांदा पडलाय. आपण शिवलेल्या कोटात काही खोट असेल, हे त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. त्यापेक्षा अंगातच खोट निघालेली बरी. खांद्यात कापसाची एक जादा घडी भरू म्हणून ते कोट घेऊन खिडकीशी बसले.

सुई ओवून त्यांनी कोट मांडीवर उलटा केला, तेव्हा काहीतरी जड त्यांच्या गुडघ्यावर आपटलं.

नव्या कोटाचे खिसे कच्च्या टाक्याने बंद केलेले असतात, गिऱ्हाईक ते घरी नेऊन उसवतं. मास्तरांनी स्वतःच्या कोटाचे कधी उसवलेच नव्हते. खिशात हात घातला की कोटाचा आकार जातो, असं त्यांचं म्हणणं. कोटाला खिसे आहेत, हे तेच विसरून गेले होते. त्यांनी उजव्या खिशावरची पट्टी उचलून पाहिली. खाली त्यांचे टाके होते, लांब आणि सैल. मग डावीकडची उचलली. तिथे टाके बारीक होते, एकमेकांना खेटून, दुहेरी दोऱ्याचे, आणि गाठ बाहेर राहिलेली.

त्यांनी कापडावरून बोट फिरवलं. डोकं लागलं, पोट लागलं, मग दुमडलेले पाय. कबरीशी ते उभे होते तेव्हाही हे इथेच होतं.

आत मावशी डब्यांची झाकणं आपटत होती. लेक स्टुलावर चढून माळ्यावर चाचपत होती. मास्तरांनी तिला हाक मारली. ती धूळभरल्या हातांनी आली, टाके पाहिले आणि तिथेच जमिनीवर बसली. आईचा हात ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"एवढा घट्ट टाका घालतं का कुणी," मास्तर म्हणाले. "लग्न झाल्यापासून सांगतोय तिला. कच्चा टाका सैल घालावा. तो उसवायचाच असतो."

त्यांनी छोटी कात्री घेतली आणि टोक पहिल्या टाक्याखाली नेलं. ते तिथेच राहिलं. मावशीने आतून विचारलं, सापडलं का काही.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी कात्री लेकीच्या हातात दिली.

"तू उसव," ते म्हणाले. "मला टाका दिसत नाहीये."