आतल्या खोलीतलं चित्र

"हे हात माझे आहेत," थोरली म्हणाली.

"हळू बोल," आई म्हणाली. "लोक ऐकताहेत."

आईच्या प्रदर्शनातल्या त्या चित्रात एक लहान मुलगी शाळेत जायचं नाही म्हणून टेबलाखाली रुसून बसली होती आणि दोन हात तिच्याकडे डबा सरकवत होते. ती मुलगी म्हणजे धाकटी, हे ओळखू येत होतं. हात मात्र आईनं स्वतःचे काढले होते. बोटात तिची ती जाडजूड अंगठीसुद्धा होती.

"अगं, चित्र आहे ते. साक्ष नव्हे." आई हसली आणि फुलं घेऊन आलेल्या कुणाकडे तरी वळली.

थोरली पुढं सरकली. तापानं फणफणलेलं बाळ आणि त्याला मांडीवर घेऊन जागणारी आई. सायकलवरून पडलेली पोर आणि पदर सावरत धावत सुटलेली आई. त्या वेळी आई भलत्याच गावी चित्रं टांगत होती, तिला याचा पत्ताही नव्हता. जागली थोरली. धावली थोरली. शिक्षण अर्धवट सुटलं, चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, एकेक करून मैत्रिणींची लग्नं झाली आणि ही आपली पोरीच्या वेण्या घालत राहिली.

"तुमच्या आईनं किती सोसलंय हो!" एक बाई डोळे टिपत म्हणाल्या.

"फार," थोरली म्हणाली.

धाकटी मात्र खुशीत होती. कॉलेजातून थेट आली होती आणि प्रत्येक चित्रापुढं थबकत होती. "ताई, बघ ना, मला किती रडकी दाखवलंय!"

"होतीसच. अजून आहेस."

धाकटीनं तिला कोपरानं ढोसलं. थोरलीचा राग जरा निवळला.

तेवढ्यात आई परत आली. या खेपेला तिचा आवाज मऊ होता. "आतल्या खोलीत अजून एक चित्र आहे. ते तुझं आहे."

"माझं?"

"तुझ्या वाट्याचं श्रेय मी लाटलं, मला कळतं. ते चित्र नसतं, तर सगळं प्रदर्शनच खोटं ठरलं असतं."

इतक्या वर्षांत आईच्या तोंडून असं काही निघालं नव्हतं. तरी थोरलीनं विचारलं, "घरातलं घरातच राहील, म्हणाली होतीस ना?"

"मग? नावं कुठं घातलीत मी?"

"ताईचं चित्र? मी आधी बघणार!" म्हणत धाकटी आत पळाली.

थोरली निघाली, पण वाटेत दोन ओळखीच्यांनी अडवलं. धाकटी काय शिकते, दुकान कसं चाललंय, हसून सांगावं लागलं. ती आत पोहोचली तेव्हा धाकटी चित्रापुढं पाठमोरी उभी होती आणि आई तिच्या मागं.

भिंतभर चित्र होतं. दवाखान्याची खाट. खाटेवर शाळकरी वयाची एक मुलगी, घामानं केस कपाळाला चिकटलेले. चेहरा हुबेहूब थोरलीचा. तिच्या छातीशी नुकतंच जन्मलेलं बाळ. खाली चित्राचं नाव लिहिलं होतं: 'आई'.

धाकटी सावकाश वळली. आई तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढं झाली. तो हात झटकून तिनं थोरलीकडे पाहिलं.

"मला ताई म्हणायला कुणी शिकवलं?"