पाचवी कडी

"महिन्यात चौथी कडी! हिच्या घराला दारं तरी किती?" असं पुटपुटत कुमुदनं हार्डवेअरच्या दुकानात थिनरचे डबे आपटले. एरवी गिऱ्हाइकांवर खेकसणारा तिचा नवरा त्या बाईला मात्र हसून हसून कड्या दाखवत होता. घरची गळकी तोटी बदलायला मेल्याला सवड नव्हती.

मंगळवारी कुमुद दुकानात एकटीच असताना ती पुन्हा आली.

"काय करता हो इतक्या कड्यांचं?" कुमुदनं फणकाऱ्यानं विचारलं.

"खोलीला आतून लावते. पण नवरा पिऊन आला की दाराला लाथा घालतो, आणि कडी चौकटीतून उपटून येते."

कुमुदनं कडीसोबतचे अर्धा इंची स्क्रू बाजूला सारले आणि अडीच इंची मूठभर घेतले.

"कडी चांगलीय गं, स्क्रूच आखूड पडतात," ड्रिल मशीन उचलत ती म्हणाली. "चल, मी बसवून देते."