डबल बेल

कोल्हापूरच्या त्या जुन्या गाड्यांच्या संग्रहालयात चिटपाखरू फिरकत नसे. प्रसेनजीत तिथं बिनपगारी राबायचा. गाड्या पुसून झाल्या की इंजिन काढलेल्या एसटीत बसून गिटार वाजवायचा. ऐकायला एकटे गणपतीमामा, रिटायर कंडक्टर, दारापाशी त्यांच्या सीटवर. गाणं संपलं तरी कौतुकाचा शब्द नाही. दोरी ओढून डबल बेल द्यायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे पुढं."

मग एक दिवस तो मुंबईला गेला.

त्याच्या रॉक बँडच्या कॅसेटी गावोगाव वाजू लागल्या, तेव्हा कुठं तो परत आला. एसटीत मामांची सीट रिकामी होती.

"गेलं की मामा, दिवाळीत," झाडू मारणाऱ्या बायडाबाई म्हणाल्या. "रोज येऊन बसायचं. पर तू गेल्यापास्नं डबल बेल कधी दिली न्हाय. एकच द्यायचं, गाडी थांबवायची."

"का?"

"म्या बी इचारलं, मोकळी गाडी कुणासाठी थांबवताय वो? तर म्हणायचं, एक पाशिंजर चहाला उतरलाय, येऊ दे की त्याला."