सूर कोण देणार

पाळकसाहेबांनी फुलांचा गुच्छ पुढे केला आणि बाईंचं डोकंच फिरलं.

"हा कशाला? मयत झालीय का इथे कोणाची?"

क्वायरमधली सगळी गाणारी मंडळी जमिनीकडे बघायला लागली. चर्चच्या मागच्या खोलीत एवढी माणसं उभी होती, पण बाईंच्या नजरेला नजर द्यायची एकाचीही छाती नव्हती. उद्या सकाळी बाईंच्या घशाचं ऑपरेशन. गाठ वाईट निघाली होती आणि डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. जीव वाचेल, आवाज जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि आवाज कोणाचा, तर बाईंचा! क्वायर त्याच बसवायच्या. ऑर्गन कायमचा बंद पडल्यापासून पहिला सूरही त्याच द्यायच्या. बाईंनी तो लावायचा आणि मग बाकीच्यांनी धरायचा, अशी इथली रीत.

"बाई, आम्ही ठरवलंय," पाळकसाहेब चाचरत म्हणाले, "तुम्ही बऱ्या होईपर्यंत क्वायर बंद ठेवू. रविवारी मोबाईलवर गीतं लावू. स्पीकर चांगला आहे."

"बरी होईपर्यंत म्हणजे? कापलेला आवाज परत उगवतो का?"

दाराशी बाईंचा नवरा मोबाईल धरून उभा होता. गेले काही दिवस हा माणूस घरभर बायकोच्या मागे मागे रेकॉर्डिंग करत फिरत होता.

"अगं, एकदा गा ना," तो रडवेला होऊन म्हणाला. "जपून ठेवतो. उद्यापासून घरात मी काय ऐकू?"

"भांडी ऐका! मी घासताना आपटीन तेवढी. आणि तो मोबाईल आधी खिशात घाला."

लागेल असंच बोलल्या. पण त्यांनी तरी किती ऐकून घ्यायचं? जो येतो तो हात धरून रडतो, नाहीतर 'प्रभूची इच्छा' म्हणतो आणि चहा पिऊन जातो. बाईंना भीती वाटत नव्हती असं नाही, वाटत होती. पण हे सगळे आत्ताच आपल्याला पुरायला निघालेत, याचा संताप भीतीपेक्षा मोठा होता.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "आपण प्रार्थना करू. हे प्रभू, तुझी ही दासी..."

"थांबा. दासीला अजून तोंड आहे."

बाईंचा आवाज आधीच घोगरा झाला होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मानही खाली घातली नाही. छताकडे बघत त्या म्हणाल्या, "प्रभू, मला तुझा भयंकर राग आलाय. दुसरं काही नेलं असतंस तर मी चकार शब्द काढला नसता. नाही, खोटं कशाला बोलू, काढला असता. हे मला पटलेलं नाही, आणि पटलं असं मी म्हणणार नाही. पण तू आहेस म्हणून तर भांडतेय. रिकाम्या घराशी कोण भांडतं? टाके सुकले की मी इथे येऊन उभी राहणार. आवाज नेतोस तर ने. हात मात्र मला लागतील. आमेन."

मागून आमेन म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

"आता गीत," असं म्हणून बाईंनी उजवा हात वर केला, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

सगळे सुराची वाट बघत राहिले. बाईंचा हात तसाच वर. मागच्या रांगेतला पोस्टमन नुसता खाकरला.

"काय झालं?" बाई कडाडल्या. "वाचा बसली तुमची? उद्या माझा घसा कापणार आहेत, तुमचा नाही! इतकी वर्षं माझ्या पाठीमागे लपून गाताय. प्रभू आहे, आम्ही भिणार नाही, असं दर रविवारी ठणकावून सांगता, आणि एक सूर लावायला तुमची गाळण उडते? लाज नाही वाटत?"

"पण बाई, सूर कोण देणार?" पोस्टमनने विचारलं.

"गळे काय शोभेला दिलेत त्याने? स्पीकर लावणार म्हणे!"

पुन्हा हात वर गेला. पहिल्या रांगेत शिवणकाम करणारी एक बाई होती. तिचा आवाज शेजारणीलाही ऐकू जात नसे, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. त्या मुंगीने डोळे मिटले आणि सूर लावला. भलताच वरचा. तो ऐकून तिचं तिलाच धस्स झालं, पण तोवर बाईंचा हात खाली आला होता आणि ताल सुरू झाला होता. आता माघार नव्हती.

सगळे तुटून पडले. पोस्टमनच्या मानेच्या शिरा फुगल्या. दुसऱ्या कडव्यात दोघातिघांचे आवाज फाटले. तिसऱ्यात मुंगीला रडू फुटलं आणि ती रडत रडतच गात राहिली. बाईंच्या तोंडून एक सूर निघाला नाही. त्यांचे हात तेवढे चालले होते, कधी दटावत, कधी ओढत. अर्ध्यात कोणी थांबलं नाही.

गीत संपलं तेव्हा सगळ्यांना धाप लागली होती. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते.

"बाई," ते म्हणाले, "काय सुंदर झालं हो!"

"सुंदर?" बाई गरजल्या. "भिकार झालं. पुन्हा."