दुसरा पाय

चौथ्या खुर्चीसमोर फादर गुडघे टेकून बसले आणि त्यांना पुन्हा तो वास आला.

खुर्चीत टेलरकाका होते. उजवा पाय उघडा, घासून घासून लाल केलेला. डाव्या पायात मोजा आणि काळा बूट. तो पाय त्यांनी खुर्चीखाली ओढून घेतला होता.

मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून वर्षातून एकदा फादर बारा जणांचे पाय धुवायचे. त्या बारांत आपला नंबर लागावा म्हणून लोक आधीपासून वशिला लावत. ज्यांचा लागे ते घरूनच नखं कापून, साबणाने पाय चोळून येत. कोणी कोणी तर सेंटही लावून येई. त्यामुळे धुण्यासारखं काही उरतच नसे. उजव्या पायावर थोडं पाणी, वरून टॉवेल, की पुढची खुर्ची. या वर्षी एक जण ऐनवेळी गळाला, म्हणून फादर टेलरकाकांच्या दुकानात जाऊन आले होते. काकांनी बरेच आढेवेढे घेतले. मग एकच पाय ना, उजवाच ना, असं दोनदा विचारून घेतलं. दोन्ही धुवायला बसलो तर उजाडेल, असं फादर हसत म्हणाले होते.

वास आजचा नव्हता. गेले काही रविवार तो चर्चमध्ये मुक्कामालाच होता. उंदीर मेला असेल म्हणून चर्चच्या ट्रस्टींनी जमिनीच्या फळ्या उचकटून घेतल्या. तेव्हा टेलरकाकाही बॅटरी धरून उभे होते. मग गटार उपसून झालं, फुलदाण्यांतलं पाणी रोज बदलून झालं. मागच्या बाकांवरची माणसं एकेक करून पुढे येऊन बसायला लागली, तेव्हा फादरना वाटलं, चला, आपल्या प्रवचनांना गुण आला. मागे एकटे टेलरकाका उरले होते.

फादरनी काकांच्या उजव्या पायावर पाणी घातलं, पुसलं. आता उठायला हवं होतं. गाणं चालू होतं. पाचव्या खुर्चीत ट्रस्टी पँट दुमडून, पाय पुढे करून बसले होते. फादर उठले नाहीत.

"काका, दुसरा पाय द्या."

एकच ठरलं होतं, असं काका पुटपुटले. फादरनी खुर्चीखाली हात घालून बूट घट्ट धरला. पायाला ते कळल्याचं काही दिसलं नाही.

बूट निघाला. मोजा निघेना. तो कातडीला चिकटला होता. पहिल्या रांगेतल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. फादरनी शेजारी पाणी घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातातला जग घेतला आणि उरलेल्या आठ जणांसाठीचं कोमट पाणी त्या एका मोज्यावर रिकामं केलं. मग बोटांनी हळूहळू मोजा सोडवायला लागले.

पायाची दोन बोटं काळी पडली होती. तळव्याला कोटाच्या बटणाएवढं भोक होतं आणि त्यात काहीतरी चमकत होतं. टाचणी. काकांच्याच दुकानातली, कापडाला लावायची, पार डोक्यापर्यंत आत गेलेली.

गाणं मध्येच तुटलं.

फादर हादरले. त्यांनी वर पाहिलं, तर काका दुसऱ्या कोणाचा पाय असावा तसे त्या पायाकडे बघत होते. दुखत नाही का, असं फादरनी विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. शुगर जुनी, पायातली जाण केव्हाच गेलेली. वास मात्र त्यांनाही येत होता. पण डॉक्टरकडे गेलं तर तो पाय कापणार, आणि पाय गेला तर मशीन कशी चालवायची? म्हणून त्यांनी तो बुटात कोंडून ठेवला होता.

"बायको होती तोवर रोज झोपताना माझे तळवे बघायची," काका म्हणाले. "मला वाकवत नाही. ती गेल्यापासून कोणी बघितलेच नाहीत."

ते हळू आवाजात बोलले, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना. फादरना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगातला पांढरा झगा काकांनीच शिवला होता. त्याच्या मापासाठी फादर परवापरवाच दुकानात या पायांसमोर उभे राहिले होते. वास तिथेही आला होता. तेव्हा त्यांनी खिडकी उघडायला सांगितली होती.

फादरनी कमरेचा टॉवेल सोडून काकांच्या पायाला गुंडाळला. काकांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन ते उभे राहिले आणि ट्रस्टींकडे गाडीची किल्ली मागितली. ट्रस्टींनी ती काढून दिली. दोघं लंगडत बाकांच्या मधून निघाले. लोक सरकून वाट देत होते.

ते पार दारापाशी पोचले, तेव्हा कुठे ट्रस्टींना कंठ फुटला. त्यांचा पाय अजून तसाच पुढे होता.

"पण फादर, आम्ही आठ जण राहिलोय. आमचे पाय कोण धुणार?"

फादर वळले. काकांचा भार त्यांनी खांद्यावर नीट घेतला.

"जग भरून घ्या आणि एकमेकांचे धुवा," ते म्हणाले. "दोन्ही पाय."