वायर वेगळी

"वायर यात नसतेच, काकू," दुकानातला यावोर म्हणाला आणि प्रिंटरच्या खोक्यावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते त्याने नखाने दाखवलं.

त्सोन्काने पिशवीतून चष्मा काढायची तसदी घेतली नाही. सकाळी घेतलेला प्रिंटर बाजाराच्या चाकांच्या पिशवीला बांधून ती भर दुपारी चढ चढून परत आली होती. धाप लागली होती, आणि डोकं उन्हापेक्षा जास्त तापलं होतं.

"म्हणजे कॉम्प्युटरला हे जोडायचं कशाने? माझ्या वेणीने?"

"वायर वेगळी घ्यावी लागते. आता सगळ्यांचं असंच असतं."

"मग दे की वेगळी. पैसे टाकते."

"संपल्यात. सोमवारी येतील सोफियाहून."

सोमवारी! उद्या शनिवार, आणि उद्याच मिन्कोला जाऊन चाळीस दिवस होत होते. सकाळी दहाला पाद्री थडग्यावर यायचा होता, घरी मयताच्या नावाने लोकांना वाटायचे गहू भिजत पडले होते, आणि गावात एकाही दारावर, एकाही झाडावर तिच्या नवऱ्याचा, फोटो आणि चाळिसाव्याची वेळ छापलेला कागद नव्हता. कागद वाचल्याशिवाय लोकांना कळणार कसं, आणि येणार कोण? पहिल्या वेळी शवपेटीवाल्याने छापून दिले, त्यात मिन्कोचं तोंड निम्मं काळं आलं होतं. पुढे सहा महिन्यांचा, वर्षाचा, तीन वर्षांचा, कागद तर लावतच राहायचे. म्हणून तिने स्वतःचं मशीन घेतलं होतं.

"त्या फळीवरच्या मशीनला आहे की वायर."

"तो नमुना आहे. मांडलेलं काही काढायचं नाही, वरून हुकूम आहे."

"दोन तासांपुरती दे रे. माझं ओळखपत्र ठेवून घे."

"नियम म्हणजे नियम, काकू. घेतानाच विचारायचं असतं. काही माहिती नसताना मशीन घ्यायचं आणि मग आमच्या नावाने बोटं मोडायची!"

त्सोन्काच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते या मुडद्यासमोर आलं याचाच तिला जास्त संताप आला.

"जोडे घेताना कुणी विचारतं का रे, खाली तळ आहे ना म्हणून?"

ती बाहेर पडली. समोरच्या दुकानातून तिने जाड काळं पेन, कोरे कागद आणि चिकटपट्टी आणली, दुकानाच्या पायरीवर बसली, प्रिंटरचं खोकं पुढ्यात ओढलं आणि त्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं. वर क्रूस, खाली नाव, वय, उद्याची वेळ, भोवती काळी चौकट. फोटोच्या जागी मात्र हात थबकला. मग तिने तिथेही लिहिलं, आणि तो पहिला कागद दुकानाच्या काचेच्या दारावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला.

पंखा घ्यायला एक म्हातारं जोडपं आलं. दारावर कागद दिसताच म्हाताऱ्याने टोपी काढली, क्रूसाची खूण केली आणि मोठ्याने वाचलं, "मिन्को पेएव, वय एकाहत्तर, चाळीस दिवस... 'फोटो छापता आला नाही. प्रिंटर याच दुकानातून घेतला. वायर दिली नाही.'"

"चला बाई," त्याची बायको म्हणाली. "मयताच्या दारातून पंखा नको घरात."

यावोर तावातावाने बाहेर आला. त्याने कागदाच्या कोपऱ्याला नखही लावलं.

"फाडून तर बघ," म्हातारा शांतपणे म्हणाला.

यावोरचा हात खाली आला. मेलेल्याचा कागद या गावात दारुडेसुद्धा फाडत नाहीत. तो धावत आत गेला आणि नमुन्याची वायर उपटून घेऊन आला.

"घ्या, काकू, फुकट घ्या. पण एवढा काढा. त्यांचा आणि या दुकानाचा संबंध तरी काय?"

"तुझं दुकान परवा आलं. त्याआधी इथे बेकरी होती. एकतीस वर्षं याच दारातून पहाटे तीनला आत शिरायचा तो. कामाच्या जागी कागद लावतात की नाही?"

"लावतात," म्हातारा म्हणाला.

"मग काढायचा कधी?" यावोरने विचारलं.

"पाऊस काढेल," त्सोन्का म्हणाली.

यावोरने वर पाहिलं. ऑगस्टचं आभाळ कोरडं ठणठणीत होतं. वायर त्याच्या हातात तशीच लोंबत होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. त्सोन्काने खोक्यावर दुसरा कागद घेतला आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"जरा बाजूला हो, उजेड अडवतोयस. अजून एकोणीस लिहायचेत, आणि मजकूर हाच."